खडा सुनेला

कुणाच्या बोटात पिवळा खडा दिसला की ते प्रकरण आजही आठवतं आणि मी गालातल्या गालात हसतो. तेव्हा मी सांगलीत पोलीस निरीक्षक होतो.

कुंडलच्या एक बाई अंगठी घेऊन ठाण्यात आल्या. नवरा निवृत्त फौजी. त्याने हौसेने घेतलेला पुष्कराज बाईंनी साऱ्या भावकीत मिरवला होता. अंगठी सैल झाली म्हणून त्या इथल्या सराफाकडे गेल्या, तर तो म्हणाला, हा पुष्कराज नाही. खडा कुणीतरी बदलला, अशी त्यांची तक्रार. ठाणे अंमलदाराने अर्ज घेतला.

लगेच खबर आली. सराफाला फोन करताना फौजी जे बोलले ते आमच्या खबऱ्याने ऐकलं होतं: "खडा सुनेलाच हाय, पर घरात बोलू नगा." हवालदार खूश! सासऱ्याने खडा गुपचूप सुनेला दिला, झालं. ही कुणकुण बाईंनाही लागली. त्यांनी सुनेला बजावलं, खडा दे, नाहीतर माहेरची वाट धर.

महिला पोलिसाला घेऊन मी कुंडल गाठलं. सून पिशवी भरून बसली होती. "आवं साहेब, त्यो खडा मी कवा हातात बी धरला न्हाई." एवढंच बोलून ती थांबली. खोटं बोलणारा माणूस एवढ्यावर थांबत नाही, हा माझा अनुभव.

मग फौजींना विचारलं, खडा सुनेला का दिला?

"दिला न्हाई साहेब. खडाच सुनेला हाय."

दोनदा ऐकल्यावर माझी ट्यूब पेटली. सुनेला हे खड्याचंच नाव! पिवळा स्फटिक. पुष्कराजाऐवजी वापरतात. त्याच्यापेक्षा हलका, तरी काचेवर ओरखडा काढेल इतका टणक. कटेला नावाचा जांभळा स्फटिक भट्टीत तापवला की बऱ्याचदा असाच पिवळा होतो. फौजींना त्याचा पातळ गुळासारखा रंगच आवडला होता. बायकोने तो पुष्कराज समजून गावभर सांगितला आणि सीमेवर न डगमगलेला हा गडी घरात गप्प बसला.

बाईंनी अंगठी उन्हात धरून बराच वेळ पाहिली. "रंग लय ग्वाड हाय," म्हणाल्या. मग सुनेची पिशवी आत नेऊन ठेवली आणि अंगठी तिच्या बोटात घातली. मला फार बरं वाटलं.

त्या प्रकरणात खोटं कुणीच बोललं नव्हतं, तरी एक सून घराबाहेर पडणार होती. तेव्हापासून खबर आली की मी आधी शब्दाचा अर्थ विचारून घ्यायचो.

अर्ज निकाली काढताना बाई म्हणाल्या, "साहेब, नीट लिवा. खडा सुनेला दिला."

तसंच लिहिलं.