हुंगून पारखलेलं कापड

आफ्रिकेला निघालेल्या आमच्या हातमागाच्या कापडाला रंगाचा उग्र वास यायचा, म्हणून मी त्यावर अत्तर शिंपडलं. मद्रासच्या एका कापड कंपनीत मी मॅनेजर; डोकं चालवायचाच पगार होता!

बंदरावर गठ्ठे बांधणारा म्हातारा प्रत्येक ठाण हुंगायचा. अत्तराचा वास येताच तो थबकला. “सार, तिकडच्या बायका रंगाच्या वासावरून कापड पारखतात. हे नकली ठरेल, ऑर्डर हातची जाईल.”

मग आम्ही दोघांनी समुद्राच्या वाऱ्यावर ठाणं झटकली, अत्तर उडेपर्यंत, पोटभर हसत.

“तुम्हाला हे कुणी सांगितलं?”

“तिकडून येणाऱ्या प्रत्येक खलाशाला विचारतो, सार.”

घरी मी हे सगळं रंगवून सांगितलं. बायको म्हणाली, “ते विचारतात. तुम्ही आल्यापासून नुसते सांगताय. मी जेवले का, एवढं तरी विचारा!”