कोण राहिलें?

टीचरअक्कांच्या शाळेत घंटा होती, पण ती कधी वाजायची नाही. चोळपुरमच्या पलीकडे आमचं गाव. एक खोली, एक टीचर आणि आम्ही मूठभर पोरं. अक्का दारात उभ्या राहून भातशेतांकडे बघत विचारायच्या, "अस्के आले का? कोण राहिलें?" आम्हा तंजावरी मराठ्यांच्या बोलीत अस्के म्हणजे सगळे. लावणीच्या दिवसांत आया पहाटेच शेतावर जायच्या, मग थोरली पोरं धाकट्यांना आवरून आणायची. शेवटचं पोर बांधावरून धावत येईपर्यंत प्रार्थना सुरू होत नसे.

बहुतेकदा राहिलेला मी असायचो. माझं घर शाळेला लागूनच, त्यामुळे सबब काही नाही. भांग मनासारखा पडेपर्यंत मी आरशासमोरून हलत नसे. आज डोक्यावर भांगापुरतेही केस नाहीत, ही गोष्ट वेगळी. "ये रे राजा, तुझ्यावांचून देव प्रार्थना ऐकेना," अक्का सगळ्यांदेखत म्हणायच्या आणि मला तो गौरव वाटायचा.

पुढे मी कुंभकोणमला ऑडिटर झालो आणि माईक दिसला की बोलायची खोड लागली. गावात मुलं कमी झाली, तेव्हा शाळा चोळपुरमच्या मोठ्या शाळेत विलीन करावी का, यावर बैठक ठरली. मी विलीनीकरणाच्या बाजूचा. प्रयोगशाळा, मैदान, प्रत्येक वर्गाला वेगळा शिक्षक, असं झकास भाषण आरशासमोर घोटलं आणि अर्थातच उशिरा पोचलो.

बैठक सुरूच झाली नव्हती. शिक्षण खात्याचे साहेब घड्याळ बघत होते आणि अक्का दारात उभ्या होत्या.

"अक्का, मी तुमच्या विरुद्ध बोलायला आलोय," मी कानात म्हणालो.

"मज ठाऊक आहे. बोल की. पण अस्के आल्याविना कसें सुरू करावें?"

मी बोललो. वाक्यावाक्याला माझं मलाच कौतुक वाटत होतं. पुढच्या रांगेतले एक आजोबा तेवढ्यात छान झोप काढून उठले. मग अक्का उठल्या. "हा सांगतो तें खरें. एक टीचर किती शिकवील? पिल्लांस मोठी शाळा मिळूं दे. पण तिकडे घंटा होतांच गेट लावतात. राहिलेल्याची वाट कोण पाहील?"

माझ्याजवळ प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असतं. त्या वेळी मी पाण्याचा पेला उचलला.

शेवटी शाळा विलीन झाली, पण अक्कांच्या अटीवर. व्हॅन जुन्या शाळेच्या दारातून निघेल, ती शेवटचं पोर आल्यावरच. अक्का स्वतः पुढच्या सीटवर बसून जायच्या. तिकडच्या हेडमास्तरांनी आधी खूप आदळआपट केली, मग तेही गेट उघडं ठेवू लागले. निवृत्त झाल्यावरही अक्कांची ती सीट सुटली नाही.

गेल्या पोंगलनंतर अक्का गेल्या. दहाव्यासाठी मी सकाळी गावी पोचलो, तेव्हा जुन्या शाळेसमोर व्हॅन उभी होती. पोरं आत बसली होती, पुढची सीट मात्र कुणी घेतली नव्हती. ड्रायव्हरनं सवयीनं अक्कांचाच 'अस्के आले का?' तमिळमधून विचारला, "एल्लारुम वंदाच्चा?"

एकही पोर हो म्हणेना. तो बिचारा इंजिन सुरू ठेवून तसाच बसून राहिला. मला जगातल्या कुठल्याही विषयावर तासभर बोलता येतं. त्या सकाळी माझ्याच्यानं "निघा" एवढंही म्हणवलं नाही.