तिसरी आणि चौथी तार

माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या माणसाला मी पाच जणांच्या देखत चोर म्हणालो होतो. त्याला आता बराच काळ लोटला. तरी दुकानाच्या ओट्यावर उच्चारलेले ते वाक्य आठवले की अजूनही मी हातातले काम थांबवतो.

महायुद्धाची अखेरची वर्षे होती. राहुरीला माझे धान्याच्या आडतीचे दुकान होते आणि एका निवृत्त इंजिनियराकडून घेतलेली चार सिलेंडरची जुनी मोटार होती. ती चालवायला नगरचे एक मुसलमान गृहस्थ होते. घरात सगळे त्यांना चाचा म्हणत. मीही त्यांना अहो-जाहो करी. अकरा वर्षे ते माझ्याकडे होते. पेट्रोल कुपनावर मिळे, तेही मोजके. त्यामुळे मी एक लाकडी पट्टी करून घेतली होती. तिच्यावर गॅलन आणि पाव गॅलनच्या खुणा मी स्वतः मोजून कोरल्या होत्या. टाकीत पट्टी बुडवायची, ओल कुठवर आली ते पाहायचे, की आकडा हाती. मला या पट्टीचा फार भरवसा होता.

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर चाचा भाचीच्या लग्नाला शेवगावला गेले. जाण्यापूर्वी नगरहून पेट्रोल भरून आणले, दुकानापुढच्या सपाट रस्त्यावर माझ्यासमोर पट्टी बुडवली. चार गॅलन. आठ दिवसांनी, दसरा होऊन तिसऱ्या दिवशी, ते सकाळी परत आले. मी त्याच सकाळी सवयीने पट्टी बुडवली होती. ओल साडेचारच्या खुणेला होती.

चाचांनी हँडल मारले. गाडी सुरू झाली, पण ती आमची गाडी वाटेना. सगळे अंग हिसके देत होते, बॉनेट थडथडत होते आणि मागे सायलेन्सरमधून फाट फाट आवाज निघत होते. बाजारासाठी आलेले दोन शेतकरी ओट्यावर बसले होते. त्यातला एक म्हणाला, "शेठ, मोटारीला उचकी लागली वाटतं."

चाचा हसले नाहीत. गाडी बंद करून ते माझ्याकडे आले.

"शेठ, माझ्या मागं कुनी हात लावला हुता का गाडीला?"

"नाही," मी म्हणालो. "कुणीही नाही."

हे मी विचार करून सांगितले. मला खोटे बोलायची सवय नाही. नोकरचाकर, शेजारपाजार, सगळे मी मनात तपासले आणि मगच नाही म्हणालो.

चाचांनी बॉनेट उघडले, गाडी पुन्हा सुरू केली आणि लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने एकेका प्लगची ठिणगी तोडून पाहू लागले. ठिणगी तोडल्यावर इंजिन अधिक अडखळले तर तो सिलेंडर काम करतो आहे, फरक पडला नाही तर तो मेला आहे, असा त्यांचा हिशेब. पहिला तोडला, इंजिन बंद पडायला आले. दुसऱ्यालाही तसेच. तिसरा तोडला, काही फरक नाही. चौथा, काही नाही.

"तीन आन चार काम करत न्हाईत," ते म्हणाले. त्यांनी त्या दोन ठिकाणी नवे प्लग बसवले. उचकी तशीच. मग ते म्हणाले, "शेठ, तारा बघाव्या लागतील."

"तारांना काय धाड भरलीय? तारा राहू द्या," मी म्हणालो. "पेट्रोलचं बोला. जाताना किती होतं?"

"चार. तुमच्या म्होरंच बघितलं की."

"आणि आज साडेचार आहे. गाडी आठ दिवस जागची हलली नाही. अर्धा गॅलन वाढला कसा?"

त्या काळी पेट्रोल चोरून विकायचे आणि तूट रॉकेलने भरून काढायची, हा उद्योग जिल्हाभर चालला होता, आणि रॉकेल पडले की गाड्या अशाच खाकरत. माझ्यापाशी आकडा होता. पट्टी खोटे कशाला बोलेल? ओट्यावर ते दोन शेतकरी होते, हमालांचा मुकादम होता, शेजारचे कापडवाले होते आणि शाळेचे मास्तर होते. या पाचांच्या देखत मी म्हणालो, "माप झाल्यावर, गावाला निघण्याआधी, विकलंस किती आणि रॉकेल ओतलंस किती, एवढंच सांग. माप चुकलं म्हणून सापडलास. चोराला माझ्या दारात जागा नाही."

अकरा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा अरे-तुरे केले होते.

चाचांनी हातातला फडका घडी करून मडगार्डवर ठेवला. "जे बोललात ते आता परत बोलू नका," ते हळू म्हणाले. "नगरला चला. माझ्या वळखीच्या मिस्त्रीकडं न्हाई, तुमी म्हनाल त्याच्याकडं. टाकी तुमच्या डोळ्यांम्होरं उपसू. रॉकेल निघालं तर मला तिथनंच कचेरीत न्या. लायसन मी माझ्या हातानं टेबलावर ठिवतो. पर न्हाई निघालं तर?"

मी गाडीत जाऊन बसलो. लायसन गेले म्हणजे माणूस जन्माचा बसला, आणि पेट्रोलचोर असा बोभाटा झाला तर लायसन असूनही कुणी दारात उभे करणार नाही. मला हे कळत होते. पण मी बरोबर आहे याची मला खात्री होती.

राहुरी ते नगर एरवी सव्वा तास लागे. त्या दिवशी पावणेचार तास लागले. विळदच्या चढावर गाडी ओढेना म्हणून मी खाली उतरून चालू लागलो. गाडी माझ्या पुढे मैलाला दहा वेळा गचके खात जात होती. मी गचके मोजत होतो.

मी सांगितलेला मिस्त्री म्हातारा होता, लष्कराच्या गाड्यांवर हात बसलेला. त्याने टाकीतले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढले, उजेडात धरले, हुंगले. मग तळहातावर ओतून फुंकर मारली. हात बघता बघता कोरडा झाला. त्याने तो माझ्यापुढे धरला.

"तेलकट लागतं का बघा. ह्यात रॉकेलचा थेंब न्हाई."

मी त्याच्या तळहातावर बोट फिरवले. कोरडा होता आणि गार. तरीही मी म्हणालो, "मग अर्धा गॅलन वाढला कसा?"

"ते मला काय म्हाईत? गाडी खाकरती कशानं ते बघू." त्याने बॉनेट उघडले आणि थांबला. "आनि ह्या तारांना नाडा कुनी बांधला?"

प्लगांना ठिणगी वाटणारी काळी टोपी असते, तिच्यातून चार तारा निघतात. त्या चारही तारा लाल-पिवळ्या नाड्याने नीट एकत्र बांधलेल्या होत्या. टोपीवर कुंकवाचे बोट होते आणि नाड्यात झेंडूच्या चार सुकलेल्या पाकळ्या अडकल्या होत्या.

"मी," मी म्हणालो. "खंडेनवमीची पूजा आहे ती."

"सोडू का मग? मालक तुमी हाय, सांगा."

"सोडा."

त्याने नाडा सोडला, तारा बोटांनी चाचपत टोपीपासून प्लगांपर्यंत नेल्या, आणि तिसऱ्या तारेला हात लावून माझ्याकडे वळला. "तीनची ठिणगी चारला, चारची तीनला. पेट्रोल हितं तयार आन ठिणगी तिकडं. असल्या उद्योगानं गाडी खाकरंल न्हाई तर काय करंल?"

मला तेव्हा ते दृश्य जसेच्या तसे समोर दिसले. दरवर्षी पूजेआधी गाडी चाचा धूत. त्या वर्षी ते नव्हते, म्हणून मी स्वतः सोवळे नेसून सकाळपासून बसलो होतो. चार हमालांकडून गाडी ढकलवून पूर्वेला तोंड करून घेतली. प्लगांच्या तारा एकेक काढल्या, टोके पुसली. तिसरी आणि चौथी तार एकमेकींवरून गेलेली दिसली. मला तो गबाळेपणा वाटला. काय हे चाचा, असे मनात म्हणून मी त्या सरळ केल्या. एक, दोन, तीन, चार, ओळीने. मग नाडा बांधला, कुंकू लावले आणि समाधानाने नारळ फोडला.

"पण मी तर ओळीने लावल्या," मी मिस्त्रीला म्हणालो. माझा आवाज मलाच लहान मुलासारखा वाटला.

"इंजिन ओळीनं चालत न्हाई, शेठ. एक, दोन, चार, तीन. घोडं चालताना पाय ओळीनं टाकतं का?" त्याने दोन तारा अदलाबदल केल्या. दोन मिनिटांचे काम. हँडल मारले आणि गाडी अशी गुरगुरू लागली की मडगार्डवर ठेवलेल्या बाटलीतले पेट्रोलही हलेना.

मिस्त्री हसत होता. चाचा रस्त्याकडे तोंड करून उभे होते.

तारा मी बदलल्या होत्या. त्यापेक्षा वाईट म्हणजे, हात लावला का असे मला सरळ विचारले गेले होते आणि मी नाही म्हणालो होतो. आणि ते म्हणताना मी खोटे बोलत नव्हतो. पूजा म्हणजे गाडीला हात लावणे, हे माझ्या डोक्यातच नव्हते. गावातल्या प्रत्येकाला मी मनात तपासले होते, फक्त स्वतःला सोडून.

परतीला मी विचारले, "चाचा, नाडा तुम्हाला सकाळीच दिसला असेल."

"दिसला."

"मग सोडला का नाहीत?"

"पूजा तुमची. तुमी म्हनलात कुनी हात लावला न्हाई, तारा ऱ्हाऊ द्या. त्यावर मी देवाचा नाडा तोडायचा, आन आत काय न्हाई निघालं तर? चोर तर झालोच हुतो. आनखी काय काय झालो असतो?"

घरी पोचल्यावर मी गाडी आधी सपाट रस्त्यावर उभी करून पट्टी बुडवली, मग पूजेच्या जागी, गोदामाजवळच्या उतारावर, पूर्वेला तोंड करून पुन्हा बुडवली. गाडीचे पुढचे तोंड वर गेले की मागच्या टाकीतले पेट्रोल मागे, पट्टी घालायच्या भोकाखाली गोळा होते. बरोबर अर्ध्या गॅलनचा फरक पडला. तोही मीच वाढवला होता. मी बायकोला सगळे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "हात लावला नाही? मग सकाळपासून दुपारपर्यंत गाडीत शिरून काय करत होतात तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी मी चाचांची क्षमा मागितली. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "मला कागदावर द्या. बोललेलं पाच जनांनी ऐकलं, त्यांनी पन्नास जनांना सांगितलं असंल. मी कुनाकुनाला सांगत फिरू?"

मी कागद घेऊन बसलो. रोज पत्रे लिहिणारा माणूस मी, पण पहिल्या कागदावर लिहिले, मोटारीत दोष होता, तो नगरला निघाला. चाचांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "ह्यात मी कुठं हाय?" दुसऱ्यावर लिहिले, गैरसमज झाला होता. त्यांनी तो कागद परत माझ्यापुढे सरकवला. तिसऱ्यावर लिहिले: गाडी मी बिघडवली. यांनी विचारले तेव्हा मी नाही म्हणून सांगितले. पेट्रोल चोख होते. मी यांना चोर म्हणालो ते खोटे होते. खाली सही केली.

"हे पाच जनांम्होरं वाचा," चाचा म्हणाले.

दोन्ही शेतकरी पुढच्या बाजारी आले, तोवर मी थांबलो. मग ओट्यावर पाचही जणांसमोर उभा राहून कागद वाचला. कापडवाले म्हणाले, "लई पावली म्हणायची पूजा." मुकादम हसला. मास्तर मात्र मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "एवढं कबूल करायची गरज नव्हती. थोडंफार तर सगळेच ड्रायव्हर काढतात." चाचा चार हातांवर उभे होते. त्यांनी ते ऐकले. त्या दिवशी मला बसलेला सगळ्यात मोठा धक्का हाच. माझा कागद पुरा पडला नव्हता.

"यांनी काढलं नाही," मी मोठ्याने म्हणालो. "अकरा वर्षांत एकदाही नाही." मास्तर मान हलवून निघून गेले. त्यांना पटले की नाही, मला माहीत नाही.

चाचांनी कागद लायसनच्या कातडी पाकिटात ठेवला. ते माझ्याकडे आणखी तीन वर्षे राहिले. काम तसेच चोख, बोलणे तसेच आदबीचे. पण सुट्टीवरून आले की आधी बॉनेट उघडायचे आणि एकेक तार बोटाने चाचपून बघायचे. मी शेजारीच उभा असे. गाडीला कुणी हात लावला होता का, असे त्यांनी मला पुन्हा कधी विचारले नाही.