थाकांच्या घरची हनुवटी

थाक यंग-नान माझ्याकडे कामाला लागली तेव्हा एकवीस वर्षांची होती. सोक्चोच्या बंदराजवळ आमचं गार शेवयांचं दुकान आहे. सासूबाईंनी ते माझ्या हाती सोपवलं त्याच वर्षी मी तिला घेतलं. आमच्या शेवया रताळ्याच्या पिठाच्या, दोऱ्यासारख्या बारीक आणि चिवट. समोरच्या दातांनी तटकन तोडल्याशिवाय घास सुटत नाही. यंग-नानला ते जमायचं नाही. तिचा खालचा जबडा वरच्यापेक्षा चांगला बोटभर पुढे होता आणि समोरचे दात एकमेकांना टेकतच नसत. ती कात्रीने शेवयांचे तुकडे करून चमच्याने गिळायची, तेही भिंतीकडे तोंड करून.

शाळेत तिला 'भातवाढी', म्हणजे भात वाढायची पळी, म्हणायचे. पुढे आलेल्या हनुवटीला आमच्याकडे हेच नाव आहे, त्यामुळे चिडवणाऱ्याला डोकंही चालवावं लागत नाही.

ही हनुवटी तिच्या वडिलांची. कोरियाच्या लढाईत तिचे आजोबा चार वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन उत्तरेकडून बोटीने इकडे आले. आठवडाभरात परत जाऊ म्हणून बायको आणि थोरली मुलगी तिकडेच ठेवली. मग वाट बंद झाली ती झालीच. म्हाताऱ्याजवळ बायकोचा साधा फोटोसुद्धा नव्हता. तो पोराच्या हनुवटीवर बोट मारून म्हणायचा, "तुझ्या ताईचीही अशीच आहे. वाट उघडली की आपली माणसं यावरूनच ओळखतील आपल्याला." यंग-नानच्या वडिलांनी भेटीसाठी सरकारकडे अर्जही केला होता. भेटणाऱ्यांची नावं सरकार सोडतीने काढतं; त्यांचं कधी निघालं नाही. ते गेल्यावर घरात मायलेकी दोघीच उरल्या.

बेचाळिसाव्या वर्षी तिची एक दाढ तुटली. ती दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "ताई, सगळं चावणं मागच्या चार दाढांवर आहे म्हणे. त्या झिजल्यात. पन्नाशीपर्यंत एकही राहणार नाही. जबडा कापून मागे घ्यायला हवा. आधी तारा, मग ऑपरेशन, मग परत तारा."

"या वयात होतं ते?"

"मीही तेच विचारलं. हाडाची वाढ थांबल्यावरच करतात, असं म्हणाले."

भांडी घासणारी माल-सुक मोरीतूनच ओरडली, "बेचाळिसाव्या वर्षी नटी व्हायचंय का गं? कुणासाठी एवढं?"

"चावायला," यंग-नान म्हणाली.

खरी अडचण घरी होती. आई ऐकून घेईना. "तुझ्या बापाने मागे काय ठेवलं? जमीन नाही, घर नाही. एक ती हनुवटी ठेवली, ती तू कापून टाकणार! उद्या तिकडून कुणी आलं तर कशावरून ओळखेल तुला?"

"आई, तिकडच्या आत्या असल्याच तर सत्तरीच्या असतील."

"असू देत. डोळे तर असतील!"

त्यानंतर महिनाभर आई तिच्याशी एक शब्दही बोलली नाही. जेवण वाढायची, ताट सरकवायची आणि उठून जायची. यंग-नानने तरीही गांगनुंगच्या हॉस्पिटलात जाऊन तारा लावून घेतल्या.

तारांनी दात सुधारतात असं आम्हाला वाटत होतं. तिचं उलटंच व्हायला लागलं. सहा महिन्यांत जबडा आणखी पुढे आल्यासारखा दिसू लागला. वर्षभराने तर पूर्वी जेमतेम मिटणारे ओठही मिटेनात. बोलताना 'स'चा 'थ' व्हायला लागला. एकदा एका गिऱ्हाइकाने तिच्या बोलण्याची नक्कल केली आणि त्याचं अख्खं टेबल हसलं. त्या दिवसापासून तिने बाहेर वाढणं सोडलं, आत पीठ मळत बसायची. एक दिवस पिठाचे हात तसेच ठेवून म्हणाली, "ताई, या तारा काढून टाकते. आई म्हणत होती तेच बरोबर."

मी दुकान माल-सुकवर टाकलं आणि तिच्याबरोबर बसने गांगनुंगला गेले. तारांच्या डॉक्टर प्यो बाई तिशीतल्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्या दिवशी घेतलेला दातांचा प्लास्टरचा ठसा आणि नवा ठसा शेजारी शेजारी ठेवला.

"हे बघा. तुमचे खालचे दात इतकी वर्षं आत वाकून आणि वरचे बाहेर कलून जबड्यातलं अंतर झाकत होते. आता ते सरळ उभे राहिलेत, म्हणून खरं अंतर दिसतंय. ते दिसल्याशिवाय हाड किती सरकवायचं ते कसं ठरवणार?"

"मला आधी का नाही सांगितलंत?" यंग-नानने विचारलं.

"सांगितलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि रोज आरशात बघणं वेगळं, हे मलाही कळतं."

परतताना ती बसमध्ये खिडकीला डोकं टेकून रडली. रडून झाल्यावर पिशवीतून केळं काढून खाल्लं. तारा काढायचं नाव तिने पुन्हा घेतलं नाही.

ऑपरेशन फेब्रुवारीत ठरलं. निघायच्या सकाळी आम्ही बसस्टँडवर पोचलो, तर यंग-नानची आई आधीच बाकावर बसलेली. मांडीवर कापडाचं गाठोडं.

"तू कुठे निघालीस?" यंग-नानने विचारलं.

"पेज कोण करणार? ही शेवयावाली?" माझ्याकडे हनुवटी उडवून म्हातारी म्हणाली आणि सगळ्यांच्या आधी बसमध्ये चढली.

दोन्ही जबडे तोंडातूनच कापतात, बाहेर व्रण राहत नाही. वरचा थोडा पुढे, खालचा मागे घेऊन बारीक पट्ट्या आणि स्क्रूंनी बसवतात. साडेपाच तास लागले. म्हातारी तेवढा वेळ एका जागी होती. मी कॉफी आणली, ती तिने हातात धरूनच गार केली.

दुसऱ्या दिवशी आम्हाला यंग-नानला बघू दिलं. चेहरा भोपळ्यासारखा सुजलेला, डोळ्यांच्या फटी झालेल्या, वरचे-खालचे दात रबरांनी करकचून बांधलेले. बोलता येत नव्हतं, वहीत लिहायची. पहिलं लिहिलं ते, "कशी दिसते?"

"भयंकर," आई म्हणाली. "गप्प पड."

मग तिने गाठोड्यातल्या तांदळाची पेज करून आणली, दोनदा गाळली, पिचकारीत भरली आणि तिची नळी गालाच्या आतून दाढांच्या मागे घातली. थेंब थेंब सोडत होती. अर्धं बाहेर सांडायचं. "त्रेचाळीस वर्षांची झालीस आणि मी तुला बाटलीने पाजतेय," ती पुटपुटत होती. यंग-नानचे खांदे हलायला लागले. हसणं होतं की रडणं, त्या सुजेत कळायला मार्ग नव्हता. म्हातारीने मात्र पिचकारी बाजूला ठेवून तिची पाठ चोळली.

घरी जायच्या दिवशी डॉक्टर प्यो तपासायला आल्या. म्हातारीने त्यांना गाठलं. "तो जुना ठसा, हिच्या दातांचा. टाकून देणार का?"

"पुढची काही वर्षं जपून ठेवावा लागतो, आजी."

"मग तसलाच दुसरा करून द्या. जुन्या जबड्याचा."

 पुढच्या खेपेला डॉक्टरांनी खरंच नक्कल करून दिली. म्हातारीने ती रुमालात गुंडाळून घरी नेली आणि नवऱ्याच्या फोटोशेजारी ठेवली. अजून तिथेच आहे.

पाच आठवड्यांनी रबरं सैल झाली. यंग-नानचं वजन नऊ किलोंनी उतरलं होतं. सहाव्या महिन्यात तिने दुकानात, सगळ्यांच्या देखत, शेवयांचा घास समोरच्या दातांनी तोडला. माल-सुक म्हणाली, "झालं, आता ही माझ्या वाट्याचंही खाणार," आणि एप्रनच्या टोकाने डोळे पुसत मोरीत गेली.

सगळंच भरून आलं असं नाही. खालच्या ओठाची आणि हनुवटीची डावी बाजू बधिर राहिली. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. रस्सा ओघळला तरी तिला कळत नाही. शेजारी बसलेल्याने सांगावं लागतं.

पुढच्या वसंतात सरकारी कचेरीतून निरोप आला की, दुरावलेल्या कुटुंबांच्या वारसांनी डीएनएचा नमुना दिला तर तो जपून ठेवतील. कधी तिकडचं कुणी सापडलं तर नातं त्यावरून जुळवता येईल. आईनेच तिला ओढत नेलं. तिथल्या माणसाने गालाच्या आतून काडी फिरवली, चार केस घेतले. "एवढंच?" म्हातारीने विचारलं. "एवढ्यावरून कळतं?"

"कळतं, आजी. दिसण्याशी त्याचा संबंध नाही."

म्हातारी बाहेर येऊन पायरीवर बसली. मग म्हणाली, "तुझ्या बापाला हे माहीत असतं तर तो हनुवटी बघायला एवढा आरशासमोर बसला नसता."

आता यंग-नान पुन्हा बाहेर वाढते. फोनवरच्या ऑर्डरीही तीच घेते. गेल्या महिन्यात एक शाळामास्तरीण जेवायला आली. तिच्या दातांना तारा होत्या, हनुवटी पुढे. बिल देताना तिने हळूच विचारलं, "कुणीतरी सांगितलं, तुमचं ऑपरेशन झालंय. फार दुखतं का हो?"

यंग-नानने तिला बाजूच्या खुर्चीवर बसवलं. "दुखण्याला औषधं असतात. आधीचं वर्ष-दीड वर्ष जास्त वाईट. आणि पेज दोनदा गाळून घ्या, नाहीतर नळीत अडकते."

मास्तरणीने पर्समधून पेन काढलं आणि ते लिहून घेतलं.