काळ्या सुमोचा रातचा फोटू

"मामा, गाडी हाय. म्या माझ्या डोळ्यानं बघितलीया. फकस्त ती रातची असती."

"रातची असती म्हंजी? गाडी हाय का घुबाड?"

कासुर्डीत हौशीराम मामांच्या ओट्यावर ज्ञानदेव फोटोवाला बशी हातात धरून बसला होता. चहावर साय धरली तरी बशी तोंडाला लावायची सवड मिळत नव्हती.

"दोन बारी आलो मी मांडवगणला," मामा म्हणाले. "दोन्ही बारीला अंगणातला तेलाचा डाग दावला मला. गाडी हितंच उभी असती म्हनं. आमची पूनम काय डागाला देऊ?"

ज्ञानदेव टकले मांडवगण फराट्याचा. एसटी थांब्यामागं त्याचा स्टुडिओ. दहा बाय दहाची खोली, पडद्यावर रंगवलेला धबधबा आणि धबधब्यापुढं लोखंडी स्टूल. नदीच्या अल्याड-पल्याडच्या गावांत कुणाच्या घरात लग्नाची पोरगी आहे आणि तिचा फोटो कितव्यांदा निघतोय, हे ज्ञानदेवाला जेवढं ठाऊक तेवढं तिच्या बापालाही नसायचं. त्यामुळं सोयरिकी जुळवायचं काम न मागता त्याच्या गळ्यात आलं होतं. लग्न ठरलं की लग्नाचे फोटो त्यानं काढायचे, एवढाच रिवाज. पण शब्द त्याचा असायचा, आणि त्या शब्दाला आजवर कुणी बोट लावलं नव्हतं.

मामांच्या लेकीसाठी, पूनमसाठी, त्यानं मांडवगणच्याच हनुमंत आप्पा कोळप्यांचा मुलगा भिमा सुचवला. तीन गोष्टी सांगितल्या. चार एकर बागाईत, आप्पांना सख्खा-चुलत भाऊ नाही म्हणून जमिनीला वाटेकरी नाही, आणि दारात काळी सुमो. साल दोन हजार दोन. पहिल्या दोन गोष्टी मामांनी ऐकून घेतल्या. तिसरी बघायला म्हणून ते दोनदा एसटीनं आले.

आता गाडी होती, पण ती कोरेगाव भीमाच्या एका कंपनीला लावलेली. भिमाच चालवायचा. पहाटे कोंबड्याआधी निघायचा, सायबलोकांची ने-आण करून रात्री साडेनवाला घरी. रविवार नाही, सण नाही. एक दिवस खाडा केला की गेटवर दुसऱ्याची गाडी उभी राहणार. आप्पांनी स्वतःची गाडी उजेडात एकदाच बघितली होती, घेतली त्या दिवशी.

मामांनी रात्री यावं, तर मामा रातांधळे. दिवेलागण झाली की त्यांना ताटातली भाकरी चाचपून घ्यावी लागायची. दुसऱ्या कुणी बघून यावं, तर मामांनी एकदा दुसऱ्याच्या डोळ्यानं बैल घेतला होता, आणि तो बैल काय निघाला हे कासुर्डीत अजून सांगतात.

"मंग फोटू आन," मामांनी शेवटी तोडगा काढला. "रातचाच काढ. मी दिवसा बघतो. पर नंबराची पाटी वाचता आली पायजे, मागं त्यांचं घर दिसलं पायजे, आन् शेजारी आप्पा पायजेत. न्हाईतर तू हायवेवर कुनाच्या बी गाडीला टेकवून काढशील."

"मी तसला हाय का, मामा?"

"त्येच बघायचंय. पंधरा दिस देतो. यवतचं एक स्थळ थांबून हाय."

ज्ञानदेवानं आयुष्यात रात्री फोटो काढले होते ते वरातीचे. नवरा घोड्यावर, फ्लॅश मारला, झालं. त्याच हिमतीवर तो आप्पांच्या अंगणात गेला. गाडी भिंतीपुढं नीट कॅमेऱ्याकडं तोंड करून लावली, आप्पांना बॉनेटशी उभं केलं आणि फ्लॅश मारला. शिरूरच्या लॅबमधून फोटो आला. त्यात दोन पांढरे दिवे होते, नंबराच्या जागी पांढराधोप चौकोन होता आणि वर आप्पांचे दात होते. गाडी नव्हती. काळी गाडी काळ्या रात्रीत विरघळून गेली होती. घराचा तर पत्ताच नव्हता.

"ह्यो काय वाघाचा फोटू हाय का?" आप्पांची बायको धुरपदाकाकू म्हणाली.

दुसऱ्या बारीला ज्ञानदेवानं उजेड वाढवला. शेजारचा ट्रॅक्टर समोर आणून त्याचे दिवे गाडीवर सोडले. ट्रॅक्टरचा आवाज ऐकून आळी गोळा झाली. आळीतलं कुणी वगळलं तर वर्षभर बोलणार नाही, म्हणून सगळ्यांना घेतलं. सगळे मावावेत म्हणून ज्ञानदेव मागं मागं सरकला. फोटोत एकवीस माणसं आली, गाडीचं निम्मं ढुंगण आलं, नंबराच्या पाटीपुढं कुणाचं तरी करडू आलं आणि आप्पांच्या पटक्यातून विजेचा खांब उगवून सरळ आभाळात गेला.

सहा दिवस राहिले. ज्ञानदेव दोन्ही फोटो पुढ्यात घेऊन उंबऱ्यात बसला. लोडशेडिंग होतं. बायको, ताईबाई, चिमणीच्या उजेडात तांदूळ निवडत होती.

"किती बघताल? बघून गाडी यायची हाय का त्यात?"

"उजेड कमी पडला का जास्ती झाला, त्येच कळंना."

"कमी-जास्तीचं काय न्हाई. तोंडावर मारला तुम्ही. ही चिमणी बघा कुठं ठिवलीया. बाजूला. बाजूनं उजेड आला म्हंजी खड्याची सावली पडती, मंग खडा दिसतो. वरनं मारला की तांदूळ बी पांढरा आन् खडा बी पांढरा."

ज्ञानदेवानं तिच्याकडं असं बघितलं की तिनं सूप बाजूला ठेवलं. "काय झालं? खडा राहिला का?"

दुसऱ्या दिवशी तो चौफुल्याला गेला. तिथल्या टायरच्या दुकानात एक कॅलेंडर होतं, रात्रीच्या रस्त्यावर उभी लाल गाडी. ते त्यानं भिंतीशी नाक लावून अर्धा तास बघितलं. दुकानदारानं विचारलं, "टायर पायजे का?" तर म्हणाला, "न्हाई, सावली बघतोय." तीन गोष्टी त्यानं बघून ठेवल्या. गाडी सरळ समोर तोंड करून नव्हती, तिरपी होती, तोंड आणि एक बाजू दोन्ही दिसत होती. फोटो उभ्यानं काढलेला नव्हता, काढणारा गाडीच्या दिव्याइतका खाली बसलेला होता. आणि रस्ता ओला होता, त्यामुळं खालूनही उजेड येत होता.

काळ्या रंगाचं कोडं त्याला विहिरीवर सुटलं. वाकून बघितलं तर पाणी काळं, पण त्यात आभाळ पांढरं. काळी गाडी स्वतः दिसायची नाही. तिच्या अंगात दुसरं काहीतरी पांढरं दाखवावं लागेल.

चौथ्या दिवशी रात्री तयारी झाली. भिमानं गाडी तिरपी लावली, खांबापासून दहा पावलं लांब. भजनी मंडळाची दोन धुतलेली धोतरं बांबूला ताणून गाडीच्या बाजूला फोटोच्या बाहेर उभी केली. त्याबरोबर काळ्या दारांवर लांबलचक पांढरा पट्टा उमटला आणि गाडीला अंग आलं. धुरपदाकाकूनं कुरकुरत चार हंडे पाणी अंगणात ओतलं. "गाडीचा फोटू काढायचा का गाडीला न्हाऊ घालायचं?" गाडीचे मोठे दिवे बंद. गॅसबत्ती आप्पांच्या डाव्या अंगाला, तिच्या उजेडात आप्पा एकदम रुबाबदार दिसायला लागले.

उरला प्रश्न घराचा आणि पाटीचा. त्यासाठी ज्ञानदेवानं कॅमेरा स्टँडवर ठेवला, केबल ताईबाईच्या हातात दिली. ती दाबून धरली की कॅमेऱ्याचा पडदा उघडाच राहायचा.

"शंभर मोज. संपलं की सोड. मदी बोलू नको, अंक चुकंल."

आणि स्वतः आप्पांचं काळं घोंगडं डोक्यावरून पांघरून, हातात तीन सेलची बॅटरी घेऊन तो अंधारात शिरला. काळ्या घोंगड्यातला माणूस हलत राहिला तर फोटोत येत नाही, हे त्यानं मनाशी ताडलं होतं, आणि ते खरंच होतं. पाटीवर बाजूनं जरासा उजेड फिरवायचा, चाकांवर फिरवायचा, मग मागं जाऊन घराची भिंत वरपासून खालपर्यंत सारवल्यासारखी उजेडानं सारवायची.

"आप्पा, शंभर अंक हलायचं न्हाई. श्वास बी हळू."

"चाळीस वर्सं मेंढरं राखलीत मी. उभं राहायला मला शिकवतो व्हय?"

ताईबाईनं केबल दाबली. वीस, तीस. सगळं ठीक चाललं होतं. आणि देवळात भजन सुटलं.

आता आप्पांचं एक होतं. बांध फुटून पाणी शेजाऱ्याच्या रानात चाललं असलं तरी आप्पा आधी राम राम घेणार, मग फावडं. लोडशेडिंगचा अंधार, ज्ञानदेव घोंगड्यात, तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसायचं ते एवढंच, की आप्पा गॅसबत्ती लावून गाडीशेजारी उगाच उभे आहेत.

डावीकडून पहिला गेला. "राम राम, आप्पा."

आप्पांनी मान वळवली, हात जोडले. "राम राम. आज लवकर सुटलं का?"

उजवीकडून दुसरा. आप्पा तिकडं वळले. पुन्हा हात जोडले, पुन्हा चार शब्द. तो गेल्यावर आप्पांना शंभर अंकांची आठवण झाली आणि ते पुन्हा समोर बघून दगडासारखे उभे राहिले. हात मात्र जोडलेलेच.

ज्ञानदेव तेव्हा भिंतीकडं तोंड करून उजेड सारवत होता. त्याला बोलणं ऐकू आलं, पण वाटलं, आप्पा जाग्यावरूनच ओठ हलवत असतील. ताईबाई सगळं बघत होती. पण आप्पा तिच्या सासऱ्याच्या जोडीचे. त्यांच्यापुढं तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं, तर "हात खाली घ्या" कुठून म्हणणार? पदर ओढला आणि मोजत राहिली. अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, शंभर.

दुसरा फोटो घ्यायचा तर गॅसबत्तीच्या मेंटलची जाळी गळून पडली, आणि भिमा स्टेअरिंगवर डोकं टेकून घोरायला लागला होता.

शिरूरच्या लॅबवाल्यानं फोटो हातात दिला तेव्हा तो कधी नव्हे ते खुर्चीवरून उठला. "टकले, गाडी लई जबरी काढलीत. पण हे बाबा कोण?"

गाडी जबरीच होती. तिरपी, चकचकीत, दारांवर पांढरा पट्टा, खाली ओल्या अंगणात तिची सावली. पाटीवरचा आकडा न् आकडा वाचता येत होता. मागं घर, घरावर 'कोळपे निवास' असं निळ्या रंगात लिहिलेलं. आणि गाडीशेजारी एक पटकेवाला देह, ज्याला तीन तोंडं होती. एक डावीकडं, एक उजवीकडं, एक समोर. छातीपाशी सहा हात जोडलेले. समोरच्या तोंडातून दाराची कडी दिसत होती.

पंधरावा दिवस उद्यावर होता. ज्ञानदेवानं फोटो घेतला, निगेटिव्ह घेतली आणि सकाळच्या गाडीनं कासुर्डी गाठली.

हौशीराम मामांनी फोटो उन्हात धरला. बराच वेळ बघितला. नंबर मोठ्यानं वाचला. घराचं नाव वाचलं.

"गाडी हाय," ते म्हणाले.

"हाय ना. मी काय म्हनत हुतो?"

"मला मागं च्या पाजला, त्यो ह्यातला कंचा?"

"कंचा म्हंजी?"

"हे तिघं हायेत. तू म्हनला आप्पा एकलं. जमिनीला वाटेकरी न्हाई. हितं तर तिघं भाऊ दाटीवाटीनं उभं हायेत. चार एकराचं तीन वाटं केल्यावर आमच्या पूनमच्या पदरात काय, बांध?"

ज्ञानदेवानं फोटोवर बोट ठेवलं. "मामा, तिघं न्हाईत. एकच मानूस हाय. पडदा उघडा हुता, आन् त्यांनी तीनदा तोंड हलवलं."

"मानसानं तोंड हलवलं म्हनून तीन मानसं व्हत्यात व्हय? मंग आमची सोजरबाई सकाळपासनं हलवतीया. तिचं किती झालं, मोज." आतून सोजरबाईनं, मामांच्या बायकोनं, भांडं आपटलं.

ज्ञानदेवानं निगेटिव्ह काढली. त्याला वाटलं, मूळच दाखवलं म्हणजे प्रश्न मिटेल. मामांनी पट्टी उन्हात धरली आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. त्यात आभाळ तांबूस उजळलेलं होतं, अंगण लख्ख होतं, आणि काळी गाडी नारंगी झाली होती.

"ही दुसरी गाडी."

"तीच गाडी हाय, मामा."

"ही नारंगी हाय. आन् हितं तर दिवस उगवलाय. तू म्हनला रातचीच असती." मामा पट्टी डोळ्यापासून हलवत नव्हते. "हितं बी तिघंच हायेत. पर तोंडं काळी पडलीत. उन्हातान्हात राबनारी दिसत्यात." त्यांनी बोटांवर हिशेब लावला. "तिघं भाऊ, दोन गाड्या. तसं वाईट न्हाई. मंजूर हाय म्हनायला हरकत न्हाई."

ज्ञानदेव गप्प बसला असता तर तिथंच सुपारी फुटली असती. एक क्षण त्याला तसं वाटूनही गेलं. मग लग्नात मामा उरलेले दोन भाऊ आणि नारंगी गाडी शोधत फिरताना त्याला दिसले, आणि त्यांच्या मागं कॅमेरा गळ्यात घेऊन तो स्वतः.

"मामा, माझं ऐका. गाडी एकच. काळी. मानूस एकच, त्यो बी एकच तोंडाचा. येनाऱ्या-जानाऱ्याचा राम राम घ्यायला वळलं, म्हनून फोटू बिघडला. मी चुकलो. रस्त्याकडं तोंड करून उभं करायलाच नको हुतं."

मामांनी फोटो पुन्हा बघितला. "सातबाऱ्यावर किती नावं हायेत?"

"एकच. हनुमंत सावळा कोळपे."

"आनून दावशील?"

"परवा दावतो. तलाठ्याचा शिक्का मारून."

"आन् त्यात तीन निघालं तर?"

"तर पूनमच्या लग्नात मी फुकट वाढपी."

"मंग आधी सातबारा आनायचा का न्हाई, येड्या? पंधरा दिस मला गाडी दावत बसला." मामांनी फोटो कोपरीच्या खिशात घातला आणि आत आवाज दिला, "सोजर, यवतवाल्यांना सांगावा धाड, म्हनावं थांबू नका."

सातबाऱ्यावर एकच नाव निघालं. सुपारी फुटली. फोटो मामांनी परत दिला नाही. धुरपदाकाकूनं एकदा मागितला, पण मामा म्हणाले, हा पुरावा आहे.

सातबारा देऊन ज्ञानदेव मांडवगणला उतरला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. स्टुडिओच्या पायरीवर दगडाबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. निराधार योजनेच्या फॉर्मला फोटो लागत होता.

"कवाची बसलीया मी. कुठं उलथला हुतास?"

"सोयरिकीला, आजी. चला आत. पदर जरा मागं घ्या, दोन्ही कान दिसलं पायजेत, न्हाईतर हापिसात परत पाठवत्यात."

"कान कशाला? पैसं काय कानात घालनार हायेत?"

ज्ञानदेवानं स्टूल फडक्यानं पुसलं, धबधब्यापुढं पांढरा पडदा ओढला आणि तिला बसवलं.