एकवीस कलमं आणि ओंजळभर पाणी

गौरी-गणपती आटोपले की प्रत्येक डब्याच्या तळाशी थोडंथोडं उरतं बघा. एकात दोन करंज्या, दुसऱ्यात चिवडा. निवडणुकीचंही तसंच. आमच्या घरात ती एकदाच आली, पण किस्से अजून निघतातच!

माझी धाकटी जाऊ वैशाली. शिकलेली वकील, माहेर घोटीकडचं. तिकडची डोंगरातली गावं सुधारायची म्हणून विधानसभेला अपक्ष उभी राहिली. आमच्या पंचवटीतल्या घराचा हॉल म्हणजे तिचं प्रचार कार्यालय, स्वयंपाकघर म्हणजे कॅन्टीन आणि मी त्या दोन्हींमधला दरवाजा!

*

पहिलं भांडण जाहीरनाम्यावरून. वैशालीने एकवीस कलमं काढली होती. पाणी, रस्ते, दवाखाना, पर्यटन, कोल्ड स्टोरेज... मी आपली भाजी निवडत ऐकत होते.

शेवटी राहवेना. म्हटलं, "वैशाली, संकल्प सोडताना एकच गोष्ट मागतात गं. एकवीस मागितल्या तर देवही गोंधळेल."

"वहिनी, हे व्रत नाही, इलेक्शन आहे!"

"मग एकवीसच का?"

तिने कागद पुन्हा चाळला. मग हळूच म्हणाली, "गणपतीला एकवीस मोदक असतात म्हणून."

*

चिन्ह मिळालं शिवणयंत्र. झालं! दुसऱ्या दिवशीच एक बाई फाटका परकर घेऊन दारात.

"शिवणयंत्रवाल्या ताई इथंच ना?"

मी उठले, मशीनवरचं कापड काढलं, दोरा ओवला. तेवढ्यात आमचे भावजी, म्हणजे वैशालीचे यजमान, आतून धावत आले. प्रचाराचे सर्वेसर्वा तेच.

"वहिनी, थांबा! शिवू नका! आचारसंहिता!"

बाईने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अहो दादा, मग निकाल लागंपर्यंत मी असंच फाटकं नेसू का?"

भावजी आत गेले. परकर मी शिवला. देवासमोर कबूलही केलं.

*

सोमवारी माझा उपवास. एका पाड्यावर प्रचाराला गेलो, तर तिथल्या सुनेने वरईचा भात केला, वर शेंगदाण्याची आमटी. अशी गोड वरई मी नाशकात कधी खाल्ली नव्हती.

वैशालीने तिला कौतुकाने कलम वाचून दाखवलं, "आपण इथं पर्यटन आणणार आहोत."

सून म्हणाली, "ताई, ही वरई आमच्या शेतातली. घोटीला जाती, तिथनं नाशकाला जाती, तिथं गिरणीत सडून, टरफल काढून पिशवीत बसती, मंग दुकानात परत येती. उपासाला आमीच इकत घेतो. पर्यटन तर तीच करती! मी अजून नाशिक नाय पायलं."

परतताना गाडीतच वैशालीने पर्यटन खोडलं आणि वरई सडायची गिरणी लिहिली.

*

मग आली करवंदवाडी. डोंगराच्या कुशीतलं शेवटचं गाव. देवळापुढे बायका जमल्या. वैशालीने कागद काढला आणि चौथ्या कलमापर्यंत पोचली, तेवढ्यात ठकूबाई आजी उठल्या. लुगड्याचा काष्टा घट्ट, आवाज त्याहून घट्ट.

"कागद ऱ्हाऊ दे बाई. माझ्या नातीचं सांगते. मनीषा. दहावीला पयली आली आन् घरी बसली. सकाळी घोटीच्या कालेजाला जायला जीप घावती. सांजच्याला परत यायला काय नाय. फाट्यापासनं दोन तास रान. पोरीला कसं धाडू?"

मनीषा खांबाआड उभी होती. मान खाली.

वैशाली म्हणाली, "आजी, मी संध्याकाळची एसटी आणते."

"समदेच म्हंतात. हात पुढं कर." आजींनी कळशी आणली, तिच्या तळहातावर अक्षता ठेवल्या, पाणी ओतलं. "आता म्हन. आन् पानी सोड."

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने देवळाच्या पायरीवर पाणी सोडलं.

भावजींचा जीव कलमांत! "आजी, आणि बाकीची वीस?"

"माझी पोरगी शिकली म्हंजे ती बगंल बाकीची ईस!"

त्या दिवशी मीही ठरवलं, मनीषाची गाडी सुरू होईपर्यंत चहात साखर नाही. आमचे हे म्हणाले, "डॉक्टर दोन वर्षं सांगून थकले. देवाला एका मिनिटात जमलं!"

*

वैशाली पडली. तिसऱ्या नंबरवर. आतल्या खोलीत जाऊन बसली. हॉलमधले बॅनर मी घडी करून माळ्यावर ठेवले.

तिसऱ्या दिवशी दारात ठकूबाई आजी. जीप, मग एसटी, मग रिक्षा करून आलेल्या. सोबत मनीषा, काखेत नव्या तांदळाचं गाठोडं.

भावजी कसेबसे म्हणाले, "आजी, आम्ही हरलो हो."

"तुमी हरले. पानी कुटं हरलंय?"

आतल्या खोलीतून वैशाली बाहेर आली. तीन दिवसांत पहिल्यांदा!

*

मग सुरू झाल्या डेपोच्या वाऱ्या. तिथले साहेब भले गृहस्थ. म्हणाले, "मॅडम, संध्याकाळी त्या गावाला जाणारे प्रवासीच नाहीत. गाडी कोणासाठी सोडू?"

वैशाली म्हणाली, "साहेब, संध्याकाळी परत येता येत नाही, म्हणून सकाळी कोणी जातच नाही!"

पुढच्या खेपेला ती एकटी गेली नाही. करवंदवाडी आणि शेजारच्या पाड्यांवरच्या, घरी बसलेल्या सगळ्या मुली घेऊन गेली. ऑफिसात उभं राहायला जागा उरली नाही.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बरं. हे प्रवासी दिसले मला."

मुक्कामी गाडी मंजूर झाली. संध्याकाळी करवंदवाडीला यायचं, रात्री तिथंच थांबायचं, सकाळी मुलींना घेऊन घोटीला.

*

कॉलेज उघडायच्या दिवसापासून गाडी सुरू व्हायची होती. मनीषा सकाळी जीपने गेली, संध्याकाळी एसटीने येणार. मी, वैशाली, भावजी, सगळं गाव देवळापुढे उभं. माझ्या हातात ओवाळणीचं ताट. फक्त ठकूबाई आजींचा सकाळपासून पत्ता नव्हता.

"ज्यांनी पाणी सोडायला लावलं, त्याच नाहीत!" वैशाली हळहळली.

वळणावर दिवे दिसले. गाडी आली. आधी मनीषा उतरली, पाठीला दप्तर, चेहरा असा की ताटातली निरांजनं फिकी पडावीत! आणि तिच्या मागून, कंडक्टरचा हात धरून, एकेक पायरी उतरत ठकूबाई आजी!

वैशाली धावली. "अहो आजी, होतात कुठं दिवसभर?"

"घोटीला."

"घोटीला? काय काम काढलंत?"

"काम कसलं बाई? परत यायचं व्हतं!"