ट्रॅक्टरचे दोन गुडघे

आमच्या सोसायटीच्या शेडमध्ये या दुष्काळात धान्य साठलं नाही, चारा साठला नाही. किस्से मात्र साठत गेले, कारण संचालक मंडळाला दुसरं काम नव्हतं. मी कृषी अभियांत्रिकी शिकून आले आणि सोसायटीचा मोठा ट्रॅक्टर माझ्या गळ्यात पडला. वस्तीच्या पाण्याचा टँकर तोच ओढायचा. तो उभा राहिला की वस्तीवरच्या घागरी कोरड्या.

*

एके सकाळी ट्रॅक्टरचं नाक खाली बसलेलं. पुढच्या ॲक्सलवर दोन हायड्रॉलिक सिलेंडर असतात. आतल्या ऑइलच्या दाबावर ते पुढचा भाग तोलून धरतात, खड्ड्यांचे धक्के सोसतात. डावा गळत होता.

चेअरमन आबांनी चष्मा वर केला. "मान खाली घालून उभा हाय. तुमी पोरींनी शिकावं त्याच्याकडून."

"मान खाली घालून टँकर ओढता येत नाही, आबा."

*

बैठकीत ठराव आला: फक्त डावा सिलेंडर बदलायचा. मी म्हटलं, दोन्ही एकाच वयाचे आहेत, दोन्ही बदला.

"कावून? नानाचेबी दोन्ही गुडघे एकाच वयाचे हायेत," आबा म्हणाले. "ऑपरेशन एकाचंच केलं."

व्हाइस चेअरमन नाना तेवढ्यात चहा सांगायला उठले. भिंत धरून, एका अंगाला झुकत दारापर्यंत गेले. सगळे बघत राहिले.

दोन्ही सिलेंडर मंजूर झाले.

*

केजहून एसटीनं खोकी आली. उघडल्याबरोबर नानांनी अंगठीचा हात सिलेंडरमधून बाहेर आलेल्या चकचकीत रॉडवरून फिरवला.

"नाना, हात काढा. यावर बारीक ओरखडा पडला तरी आतलं रबरी सील कापलं जातं. मग ऑइल गळायला लागतं."

"आमी काय लेकरं हाओत का?"

मी दोन्ही रॉड माझ्या ओढणीत गुंडाळून ठेवले.

*

जुन्या सिलेंडरची पिन अडकली. आबा म्हणाले, "पोरीच्या हाताला निघायची न्हाई."

मी घण घातला. पिन बाहेर.

"मीच काल तेल सोडलतं तिच्यात."

"काल शेडला कुलूप होतं, आबा."

"खिडकीतून सोडलतं."

*

दोन्ही सिलेंडर बसले. ट्रॅक्टरनं नाक उचललं. वस्तीवर घागरी रांगेत लागल्या होत्या. ड्रायव्हर सलीमभाई म्हणाले, "ताई, टँकर जोडू?"

"आधी पूजा," आबा म्हणाले.

हळदकुंकू झालं, हार झाला. मी हात धुवायला गेले. आबांनी नारळ उचलला. बॉनेटवर फोडावा तर रंग जाईल, पोरगी ओरडेल. टायरवर फुटायचा नाही. आबांनी लई विचार केला आणि सगळ्यात टणक, सगळ्यात चकचकीत जागा निवडली. मी पळत आले तोवर नारळ फुटला होता. बरोबर दोन भकलं. टाळ्या पडल्या.

टँकरची एक खेप झाली. परत आला तेव्हा डाव्या रॉडवरून थेंब थेंब चालू होतं.

"नारळाचं पाणी हाय," आबा म्हणाले. "शुभ असतंय."

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरचं नाक पुन्हा खाली, थेंब तसेच चालू, आणि वस्तीवरून बाया रिकाम्या घागरी घेऊन थेट शेडवर आलेल्या. नाना वाकले. थेंब तळहातावर घेतला, डोळ्यांना लावला, तीर्थासारखा प्यायले. थोडा वेळ तोंड हलवत राहिले.

"आबा," ते म्हणाले, "नारळ खवट हाय."